एका लाडवाचे गणित

(मुर्धा येथे प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



क्रोशाच्या सुईने विणलेला एक लहानसा लाडू, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. शिक्षकांच्या मेळाव्यात लाडवावर बोलावे, आणि तोही खाण्याच्या नव्हे तर लोकरीच्या, हे काहींस पोरखेळाचे वाटेल. ते पोरखेळाचेच आहे. परंतु आपला व्यवसायच पोरांशी असल्यामुळे मी संकोच धरीत नाही.

धाग्याने विणून आत कापूस किंवा तत्सम भरण घातलेल्या बाहुल्यांस जपानमध्ये अमिगुरुमी म्हणतात. ‘अमी’ म्हणजे विणणे आणि ‘नुइगुरुमी’ म्हणजे भरण घालून शिवलेली बाहुली. या दोहोंच्या जोडातून तो शब्द तयार झाला. चालू शतकाच्या आरंभापासून ही कला जगभर पसरली. तिच्या नमुन्यांत खाद्यपदार्थांस फार मोठे स्थान आहे. केक, डोनट, सुशी असे कितीतरी पदार्थ चिमुकले डोळे आणि हसरे तोंड लावून विणले जातात. हे नमुने पाहून आपल्या शाळेतही डोनटच विणावयाचा, असा मोह होणे स्वाभाविक आहे. तो आवरावा असे मी सुचवीन. मुलाने हाताने घडवावयाची वस्तू त्याच्या डोळ्यांस आणि जिभेस आधीपासून ठाऊक असावी, म्हणजे आपण केलेली वस्तू बरोबर झाली की नाही हे त्याचे त्यालाच कळते.

खाऊची खेळणी ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडाची फळे आणि भाज्या पिढ्यान्‌पिढ्या होत आल्या आहेत. भातुकलीत तर सारा संसारच खाण्यापिण्याचा. आपल्याच भागातले उदाहरण सांगावयाचे तर, ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती. २०१४ पासून ती पालघर जिल्ह्यात आहे. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. महागडी साधने खेड्यातील बालवाडीस परवडणारी नव्हती. म्हणून या दोघींनी शंखशिंपले, बिया, खडे, पाने यांचीच साधने केली. साधन स्वस्त असावे एवढाच त्यातील हेतू नव्हता. ते मुलाच्या ओळखीचे असावे, हाही होता.

आता लाडूच का, ते सांगतो. क्रोशाचा सर्वांत सोपा टाका घालीत गेले म्हणजे कापडावर बारीक बारीक दाणे उमटतात. पिवळी लोकर घेतली तर हे दाणे थेट बुंदीसारखे दिसतात. जे काम नवशिक्याच्या हातून खडबडीत व्हावयाचेच, त्याला शोभणारी वस्तू निवडण्यात शहाणपण आहे. शिवाय लाडवास देठ नाही, पान नाही, रंग बदलावयाचा नाही. डोळे आणि तोंड काढण्याचीही गरज नाही. लाडू हसत नाही म्हणून आजवर कोणाचे अडलेले नाही.

साहित्य थोडेच लागते. मध्यम जाडीची लोकर दहाएक मीटर, साडेतीन मिलिमीटरची क्रोशाची सुई, भरणासाठी कापूस किंवा शिंप्याकडच्या चिंध्यांचे बारीक तुकडे, टोके लपविण्यासाठी मोठ्या नेढ्याची बोथट सुई, आणि खुणेसाठी निराळ्या रंगाचा दोरा. लोकरीच्या वेष्टनावर सांगितलेल्या सुईपेक्षा एक क्रमांक बारीकच सुई घ्यावी. वीण घट्ट आली नाही तर आतले भरण भोकांतून डोकावते.

टाके दोनच शिकवावयाचे. धाग्याचा सरकफास सुईवर घेऊन, सुईच्या आकड्याने धागा त्या फासातून ओढला म्हणजे एक साखळी होते. दुसरा टाका तो मुका खांब. सुई टाक्यात घालून धागा ओढून घ्यावा. सुईवर दोन फास होतात. पुन्हा धागा घेऊन तो दोन्ही फासांतून एकदम काढावा. पहिले दोनचार दिवस मुलांकडून एवढेच करवून घ्यावे. लाडवाचे नाव काढू नये.

मग लाडू. दोन साखळ्या घालाव्यात आणि सुईपासून दुसऱ्या साखळीच्या एकाच भोकात ६ मुके खांब घालावेत. ही पहिली फेरी. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन दोन घालावेत, १२ झाले. तिसरीत एक टाका साधा आणि पुढच्यात दोन, असे सहा वेळा, १८ झाले. चौथीत दोन साधे आणि पुढच्यात दोन, हेही सहा वेळा, २४ झाले. यापुढच्या चार फेऱ्या, म्हणजे पाचवी ते आठवी, न वाढवता न घटवता २४ टाक्यांच्याच करावयाच्या. नवव्या फेरीपासून उतरणीस लागावे: दोन साधे आणि पुढचे दोन टाके मिळून एक, असे सहा वेळा केले की १८ उरतात. येथे थांबून भरण घालावे. दहाव्या फेरीत एक साधा आणि दोनांचा एक; १२ उरले. भरण कमी वाटल्यास आणखी थोडे कोंबावे. अकरावीत सर्वत्र दोनांचा एक, ६ उरले. धागा वीतभर ठेवून तोडावा, तो उरलेल्या सहा टाक्यांतून ओवून तोंड आवळावे आणि टोक लाडवाच्या पोटात खुपसून टाकावे. साधारण चार सेंटिमीटर व्यासाचा लाडू तयार होतो. फेऱ्या जोडावयाच्या नाहीत. त्या जिलबीच्या वळशांप्रमाणे सलग फिरत जातात. म्हणून फेरीच्या पहिल्या टाक्यात खुणेचा दोरा अडकवावाच. तो न अडकवणारे मूल तिसऱ्या फेरीत हरवते.

चौथीच्या वर्गाला हे आकडे फळ्यावर मांडून द्यावेत. सहा, बारा, अठरा, चोवीस हा सहाचा पाढा झाला. सगळ्या फेऱ्यांची बेरीज १९२ येते. एका लाडवाला १९२ टाके लागतात, हे मुलाने स्वतः मांडून काढावे. पण याहून चांगला प्रश्न निराळाच आहे, आणि तो एखादे चौकस मूल विचारतेच: सहाच का? पाच का नाहीत, आठ का नाहीत?

याचे उत्तर वर्तुळात आहे. वर्तुळाचा परीघ त्रिज्येच्या सहापटीहून किंचित अधिक असतो. आपली चकती दर फेरीला एका टाक्याच्या उंचीने रुंदावते, म्हणजे त्रिज्या तेवढी वाढते. तेव्हा परिघात सुमारे सहा टाक्यांची भर पडावयास हवी. मुक्या खांबाची उंची आणि रुंदी जवळजवळ सारखी असते, म्हणून सहा टाके वाढविले की चकती सपाट राहते. चारच वाढविले तर तिची वाटी होते. बारा वाढविले तर तिला जागा पुरत नाही आणि कडेला झालर पडते. मुलांच्या तीन गटांकडून या तीन चकत्या विणवून त्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवाव्यात. परिघाचे सूत्र वरच्या वर्गात आले म्हणजे त्यांची आठवण राहील. या झालरीस कोणी बिघडलेले काम म्हणू नये. डायना ताइमिना या लाटव्हियातील गणितज्ञ विदुषींनी १९९७ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात असल्याच झालरी क्रोशाने विणल्या. एका बिंदूतून दिलेल्या रेषेस समांतर अशा अनेक रेषा ज्या भूमितीत काढता येतात, तिचा पृष्ठभाग हातात धरून दाखविण्यास त्यांना ती झालर उपयोगी पडली. कागदाचे नमुने त्यापूर्वी होते, पण ते फाटत.

आता थोडे स्थानिक बोलतो. मुर्धा, राई, मोर्वा ही गावे आता महानगरपालिकेच्या हद्दीत असली, तरी येथून उत्तनच्या रस्त्याने पुढे गेले की किनाऱ्यावर जाळी दुरुस्त करीत बसलेले पुरुष आजही दिसतात. मांडीवर जाळे, हातात सुई, तोंडाने गप्पा. सुतकाम हे मुलींचे काम असे म्हणून जो मुलगा लाडू विणण्यास नकार देईल, त्याला या मंडळींकडे पाठवावे. हस्तव्यवसायाच्या तासाला मुलींना विणकाम आणि मुलांना बागेस पाणी, ही वाटणी कोणत्याही अभ्यासक्रमाने सांगितलेली नाही. ती आपण आपल्या सोयीसाठी केली आहे.

जाळे आणि क्रोशा यांत एक फरक आहे, आणि शिक्षकाच्या दृष्टीने तोच फार मोलाचा आहे. जाळ्याची प्रत्येक गाठ स्वतंत्र असते. एक आस तुटला तरी शेजारचे आस टिकतात. क्रोशाचा प्रत्येक फास मात्र पुढच्या फासाने धरलेला असतो, आणि शेवटचा फास मोकळा सोडला तर धागा ओढताच सारे काम उसवते. यामुळे शेवटचे टोक नीट अडकविणे अगत्याचे ठरते. परंतु याचमुळे चूक दुरुस्त करणे इतके सोपे होते की तसे दुसऱ्या क्वचितच कामात असेल. पाटीवर पुसावे तसे हे उसवता येते. धागा वाया जात नाही, फाटलेला कागद मागे राहत नाही, आणि चूक कोठे झाली हे मोजून सापडते. २४ ऐवजी २३ टाके निघाले तर मुलाला आपण काही सांगू नये. त्याने मोजावे, त्याने उसवावे.

नेमके येथेच आपल्या शाळांतून घोळ होतो. वर्धा येथे १९३७ मध्ये मूलोद्योगाची कल्पना मांडली गेली, कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभव सांगितला, आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर खेळण्यांतून शिक्षण या विषयावर राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने २०२२ साली पुस्तिकाही काढली. कल्पनांची उणीव कधीच नव्हती. पण तपासणी जवळ आली की हस्तव्यवसायाचे कपाट सजू लागते, आणि त्यातील वस्तू कोणाच्या हातच्या असतात हे आपण सर्व जाणतो. मुलाची आई रात्री बसून विणते, किंवा बाई स्वतः विणतात. अशा सुबक लाडवावर मुलाच्या नावाची चिठ्ठी डकविण्यापेक्षा कपाट रिकामे ठेवलेले बरे. वेडावाकडा, एका अंगाने पोचा आलेला, २३ टाक्यांचा लाडूही चालेल. मात्र तो ज्याच्या नावाचा आहे त्याने विणलेला असावा, आणि पोचा कशामुळे आला हे त्याला सांगता यावे. प्रदर्शन मांडावयाचेच असेल तर मुलाचा पहिला आणि तिसरा लाडू शेजारी शेजारी मांडावेत. पाहणाऱ्याला शाळेत काय झाले ते त्यावरून कळेल.

हाताने केलेल्या कामाची किंमत हाही एक पाठ यातून घेता येतो, आणि तो मला गणिताइतकाच महत्त्वाचा वाटतो. साधे विणकाम यंत्रावर होते; क्रोशाचे काम मात्र आजही हातानेच करावे लागते. प्रयोगशाळांतून यंत्राचे प्रयत्न झाले आहेत, पण कारखान्यांत ते अद्याप रुळलेले नाही. तेव्हा जत्रेत किंवा दुकानात क्रोशाची खरी वस्तू दिसली तर ती कोणीतरी टाका टाका मोजून केली आहे, असे खुशाल समजावे. आंध्र प्रदेशातील नरसापूर भागात एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी क्रोशाची नाजूक जाळी विणण्यास शिकविले आणि तो माल परदेशी जाऊ लागला. मारिया मीस या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ साली तेथील कारागीर स्त्रियांवर पुस्तक प्रसिद्ध केले. दिवसाचे कित्येक तास विणणाऱ्या या बायकांना कामगार कोणी म्हणत नसे. त्या घरबसल्या फावल्या वेळात विणतात असे मानले जाई, आणि मजुरीही त्याच हिशेबाने मिळे. आपल्या वर्गात लाडू पुरा होण्यास तीनचार तास लागले की मुलांना विचारावे: हा लाडू किती रुपयांना विकाल? पहिले उत्तर बहुधा दहा रुपये असे येईल. मग लोकरीचा खर्च आणि लागलेले तास मांडून पुन्हा विचारावे. त्या मुलांपैकी कितीतरी जणांच्या आया घरी बसून माळा ओवण्याचे, खोकी चिकटविण्याचे काम करीत असतील. तो हिशेब मुले घरी नेतील.

काही व्यावहारिक सूचना करतो. एका वेळी सहांहून अधिक मुले शिकविण्यास बसवू नयेत; ती तयार झाली की तीच पुढच्या सहांस शिकवितात. डावखुऱ्या मुलाला शेजारी न बसविता समोर बसवावे, म्हणजे आरशात पाहिल्याप्रमाणे त्याला आपले हात बरोबर दिसतात. लाडू साधला की त्याच आकाराच्या जांभळ्या चेंडूवर हिरवी चकती टाचून वांगे करता येते, आणि लाल चेंडूवर टाचून टोमॅटो. अंगणवाडीतील धाकट्यांसाठी करावयाचा असेल तर चार सेंटिमीटरचा लाडू देऊ नये. तो तोंडात जाऊन घशात अडकण्याजोगा असतो. सहाव्या फेरीपर्यंत वाढवीत जाऊन ३६ टाक्यांचा, म्हणजे सहा सेंटिमीटरांच्या घरातला, लाडू करावा. मधल्या सरळ फेऱ्याही त्या मानाने वाढवाव्यात. त्याला मणी, गुंड्या किंवा चिकटविलेले डोळे लावू नयेत. पावसाळ्यात कापसाचे भरण ओल धरते आणि वास मारते. म्हणून भरण्यापूर्वी ते कडक उन्हात वाळवावे, आणि ऊन नसेल तर चार दिवस थांबावे.

सुया तास संपताना मोजून घ्याव्यात. पोलादी सुया खाडीच्या खाऱ्या हवेत लवकर गंजतात आणि गंजलेल्या सुईवर लोकर सरकत नाही. त्या झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात, आणि डब्यात खडूचे दोन कोरडे तुकडे टाकावेत. खडू ओल शोषून घेतो, आणि आपल्या शाळांतून त्याला तरी तोटा नाही.