हॉटेलची पारख



आज ज्या विषयावर बोलायचे आहे, त्याला मोठ्या ग्रंथांत जागा नाही. पण तुमच्या-आमच्या रोजच्या आयुष्यात मात्र त्याला चांगलीच जागा आहे. विषय आहे हॉटेल. इंग्रजीत हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा. आपल्याकडे हा शब्द आला आणि पार बदलून गेला. चार बांबू, वर एक पत्रा, एक चूल आणि दोन बाकडी असली, की आपल्याकडे हॉटेल झाले! तिथे मुक्काम करायची सोय नसते, पण उठायची घाई मात्र कुणालाच नसते.

प्रवासाहून परतलेल्या माणसाला आपण दोन प्रश्न विचारतो. काम झालं का? आणि जेवलास कुठं? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जास्त रंगते. अमक्या ठिकाणी भाकरी गरम मिळाली, तमक्या ठिकाणी आमटीत पाणीच फार होते, असे निकाल आपण सगळेच देत असतो. हे निकाल जरा नीट विचार करून कसे द्यावेत, एवढेच मला आज सांगायचे आहे.

आधी थोडे मागे जाऊ. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी गावाला निघालेला माणूस फडक्यात शिदोरी बांधून निघे. भाकरी, चटणी, कांदा. वाटेत विहीर आली, की झाडाखाली बसायचे आणि खायचे. देवस्थानी अन्नछत्र असे, गावात पाहुणचार असे. शिजवलेले अन्न पैशाला विकणे ही गोष्टच पुष्कळांना पटत नसे. त्याला ‘अन्नविक्रय’ असे नाव होते आणि ते नाव चांगल्या अर्थाने घेत नसत. पुढे मोटारी आल्या. आपला बीड जिल्हा त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानाच्या रेल्वेने 1932 साली बसगाड्या सुरू केल्या. जिथे मोटार थांबू लागली, तिथे चूल पेटली. चहाच्या व्यापाऱ्यांनीही 1930 नंतरच्या वर्षांत देशभर चहाचा मोठा प्रचार चालवला. बाजारात, जत्रेत, स्टेशनावर लोकांना चहाची गोडी लावली. ज्या घरात पाहुण्याला गूळपाणी मिळे, तिथे कपबशी आली. अशी आपली हॉटेले वाढली.

आता आपल्याच जिल्ह्यात एक फेरी मारू. नावे मी कुणाची घेणार नाही. घेतली तर उद्या एका मालकाचा चहा फुकट मिळेल आणि दुसऱ्याचा कायमचा बंद होईल.

बीडच्या बसस्थानकाच्या आसपास पहाटे चार वाजता मिळणारा चहा घ्या. चव म्हणाल तर साखरच साखर. पण थंडीच्या दिवसांत, कुडकुडत गाडीची वाट पाहणाऱ्या माणसाला तो चहा नुसता चहा नसतो, तो सोबती असतो. त्याला मी चवीचे गुण थोडे कमी देईन आणि वेळेचे पुरे देईन.

तिथून सोलापूरच्या रस्त्याला लागले, की मांजरसुंबा येते. घाट चढून वर आले, की रस्ते फुटतात. एक सोलापूरकडे, एक अहिल्यानगरकडे, एक केज-अंबाजोगाईकडे. चार वाटा जिथे मिळतात, तिथे जेवणाची दुकाने दाट असायचीच. इथली चांगली जागा ओळखायची सोपी खूण आहे. जिथे मालमोटारींचे चालक आपण होऊन थांबतात, तिथे भाकरी तव्यावरून थेट ताटात येते. आणि जिथे गाडी प्रवाशांच्या नव्हे, चालकाच्या मर्जीने थांबते, तिथे जरा जपून. एकदा अशाच एका थांब्यावर मला मिळालेली पोळी इतकी चिवट होती, की गाडी सुटायची वेळ झाली तरी माझा पहिला घास चालूच होता.

अंबाजोगाईला गेलात, तर सकाळी ‘सुशीला’ मागा. बाहेरगावचे पाहुणे हे नाव ऐकून दचकतात! योगेश्वरी हे कोकणातल्या पुष्कळ घराण्यांचे कुलदैवत. दर्शनाला आलेल्या त्या मंडळींना वाटते, आतून कुणी बाई येणार. येते ती भिजवलेल्या चुरमुऱ्यांची, कांदा-मिरचीची फोडणी दिलेली गरम बशी. स्वस्त, हलकी आणि पोटाला सोसणारी. दुपारी येसराची आमटी आणि ज्वारीची भाकरी. तिखटाने डोळ्यांत पाणी येते, पण हात काही थांबत नाही.

परळीला वैजनाथाच्या दर्शनाला, श्रावणात किंवा महाशिवरात्रीला गेलात, तर उपासाचा थाट पाहा. भगर, शेंगदाण्याची आमटी, साबुदाण्याची खिचडी. एवढे खाऊन माणूस म्हणतो, आज मला उपास आहे. आणि नेकनूरसारख्या गावच्या आठवडी बाजारात मिरचीभजी खाल्ली नाहीत, तर बाजार झाला असे वाटतच नाही. सीताफळांच्या दिवसांत बालाघाटाच्या डोंगरातून पाट्या भरून फळे रस्त्यावर येतात. बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण आपल्याला ते मानांकन जिभेने केव्हाच देऊन टाकले होते.

एक गोष्ट लक्षात घ्या. पूर्वी हॉटेलात जाणे म्हणजे घरी न मिळणारे खाणे. शेव, भजी, पुरीभाजी. भाकरी मागणे कमीपणाचे वाटे. आता पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहितात, ‘चुलीवरची भाकरी’. 2023 हे वर्ष तर जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे झाले. आपल्या रब्बी ज्वारीचा मान वाढला, याचा आनंदच आहे.

ही झाली चवीची पारख. पण चव ही पारखेची शेवटची पायरी आहे. तिच्याआधी तीन पायऱ्या आहेत. त्या आपण बहुतेक वेळा ओलांडून जातो. पाणी, कपबशी आणि हात.

पहिले पाणी. आपला जिल्हा अवर्षणाचा. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी गावे आपल्याला नवी नाहीत. अशा ठिकाणी हॉटेलवाला पाणी कुठून आणतो, ते झाकतो का, पेला थेट माठात बुडवतो की ओगराळ्याने काढतो, हे पाहायला पैसे पडत नाहीत. अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 साली झाला आणि 2011 च्या ऑगस्टपासून अमलात आला. त्याप्रमाणे मोठ्या हॉटेलाला परवाना आणि छोट्या टपरीलाही नोंदणी लागते. तो चौदा आकडी क्रमांक भिंतीवर दिसला पाहिजे. भजी वर्तमानपत्राच्या कागदात बांधून देणे 2018 च्या नियमांनी मना आहे, कारण छपाईची शाई तेलाबरोबर पोटात जाते. भजी खाताना बातमी वाचायची आपली जुनी सवय आहे खरी. पण बातमी वेगळी वाचावी आणि भजी वेगळी खावीत, हे बरे.

दुसरी पायरी कपबशीची. हे मी तरुण श्रोत्यांसाठी मुद्दाम सांगतो. आपल्या गावोगावच्या हॉटेलांत एके काळी दोन प्रकारच्या कपबश्या असत. एक आत, सर्वांसाठी. दुसरी बाहेर, वळचणीला किंवा खुंटीला, दलित बांधवांसाठी. चहा प्यायचा बाहेर बसून, आणि कप धुऊन ठेवायचा आपल्या हाताने. पैसे मात्र दोघांचेही सारखेच! गल्ल्यात पडलेल्या नाण्याला जात नव्हती, ती फक्त कपाला होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, ते याच भेदाविरुद्ध. पुढे राज्यघटना आली. तिच्या पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख आहे. सतराव्या कलमाने अस्पृश्यताच नष्ट केली. मग 1955 साली अस्पृश्यता अपराध कायदा झाला. तोच कायदा 1976 पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम या नावाने ओळखला जातो. त्या कायद्यात नुसता हॉटेलात प्रवेश करण्याचा हक्क दिलेला नाही. हॉटेलात लोकांसाठी ठेवलेली भांडी वापरण्याचा हक्कही त्यात वेगळा लिहिला आहे. कायदा करणाऱ्यांना ती खुंटीवरची कपबशी पुरती ठाऊक होती!

म्हणून मी म्हणतो, श्रोते हो, की हॉटेल ही सामान्य जागा नव्हे. मुंबईत माटुंग्याला ए. रामा नायक यांनी 1942 साली उडुपी पद्धतीचे एक भोजनगृह सुरू केले. तिथे केळीच्या पानावर साधे जेवण वाढतात. शेजारी कोण बसला आहे, कारकून की कारखानदार, हे कुणी विचारत नाही. ज्याचा नंबर लागला, तो बसला. घरची पंगत नात्यागोत्याची असते, हॉटेलची पंगत कुणाचीही असते. तेव्हा पुढच्या खेपेला बाकड्यावर बसाल, तेव्हा पाहा, आपल्या गावच्या हॉटेलात सगळे एकाच बाकड्यावर बसतात का? एकाच पेल्यातून पितात का? की कुणी अजून सवयीने दाराशीच उभा राहतो? कुणासाठी कागदी पेला मुद्दाम वेगळा काढला जातो का? तसे असेल, तर चहा कितीही फक्कड असो, ते हॉटेल नापास.

आता तिसरी पायरी. हात. कप आपल्यापुढे येतो, तो कुणाच्या हाताने? आपण ‘ए पोऱ्या, दोन कट आण’ अशी हाक मारतो आणि बोलण्यात गुंगतो. तो पोऱ्या किती वर्षांचा आहे, हे पाहतो का?

हा प्रश्न आपल्या जिल्ह्याला जास्त लागू आहे. दसरा-दिवाळी झाली, की इथून कुटुंबेच्या कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात, ती उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. मूल बरोबर गेले, तर शाळा सुटते. मागे राहिले, तर सांभाळायला कुणी नसते. अशातलाच एखादा मुलगा रस्त्याकडेच्या हॉटेलात कपबश्या विसळायला लागतो. त्याच्या आईबापाला वाटते, पोर दोन वेळ जेवते तरी आहे. मालकाला वाटते, मी त्याला आधारच दिला. दोघांच्याही मनात वाईट नसते, पण मुलाची बोटे मात्र पाण्याने पांढरी पडतात आणि पाटी कोरीच राहते.

10 ऑक्टोबर 2006 पासून धाबे, हॉटेले आणि चहाच्या टपऱ्यांवर चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवायला बंदी आहे. 2016 च्या दुरुस्तीने ही बंदी सर्वच कामधंद्यांना लागू झाली. घरच्याच धंद्यात, शाळा सुटल्यावर, धोका नसलेल्या कामात मुलाने हात लावला, तर कायदा आडवा येत नाही. बापाच्या टपरीवर संध्याकाळी गल्ला सांभाळणारी मुलगी आणि दिवसभर भांडी घासणारे परके पोर, यांत फरक आहे. तो आपण ओळखला पाहिजे.

शिक्षक बंधुभगिनींनो, इथे तुमचे काम आहे. हजेरीपटावरचे जे नाव दिवाळीनंतर गैरहजर दिसते, ते कदाचित फडात असेल, कदाचित स्टँडवरच्या हॉटेलात असेल. स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. ती आईबापांना त्यांचा टेंपो भरण्याआधी सांगितली पाहिजे, नंतर नव्हे. आणि कुणाही श्रोत्याला असे लहान मूल राबताना दिसले, तर 1098 हा मदतीचा फोन फुकट आहे. पण फोनच्याही आधी मालकाशी दोन शब्द गोडीने बोलून पाहा. रोजचे गिऱ्हाईक बोलले, की मालक ऐकतो. साहेबाचे ऐकणार नाही, पण गिऱ्हाइकाचे ऐकतो. त्याचा गल्ला आपल्या हातात आहे.

कुणी म्हणेल, अहो, एक चहा प्यायला एवढी चौकशी? तर सांगतो, चौकशी फार नाही. बसता बसता माठाकडे एक नजर, बाकड्यावरच्या माणसांकडे एक नजर, आणि कप ठेवणाऱ्या हाताकडे एक नजर. तीन नजरा. एवढ्यात चहा उकळायचा असतो, तेवढा वेळ आपल्यापाशी असतोच.

आणि या तिन्ही गोष्टी जिथे चोख आढळतील, तिथल्या मालकाला उठताना तसे बोलून दाखवा. नुसते ‘भजी झकास होती’ म्हणू नका. ‘पाणी स्वच्छ ठेवता, सगळ्यांना सारखं वागवता, पोरं कामाला ठेवत नाही, म्हणून आम्ही इथं येतो,’ असं सांगा. तो माणूस दुसऱ्या दिवशी माठ आणखी घासून ठेवील. मग चवीचे गुण देऊ. भाकरी थोडी करपलेली असली, आमटी थोडी पातळ असली, तरी असल्या हॉटेलाला मी पहिला नंबर देईन. आणि तुम्हीही द्याल, अशी माझी खात्री आहे.