गोलरक्षक घडतो कुठे?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय माझ्यावर सोडला आहे. समोर डॉक्टर आहेत, वकील आहेत, व्यापारी आहेत. मी मात्र आयुष्यभर दोन खांबांच्या मध्ये उभा राहिलो. आधी शाळेसाठी, मग कॉलेजसाठी, मग ऑफिसच्या संघासाठी. आता गेली बारा वर्षं रविवारी सकाळी भाईंदरच्या पोरांना शिकवतो. तेव्हा बोलणार गोलरक्षकावरच. पण माझ्याबद्दल नाही. ज्यांच्यामुळे आमच्या पिढीला हे काम मानाचं वाटलं, त्या ब्रह्मानंद शंखवाळकरांबद्दल.

तुम्हाला आठवत असेल, मिठागरांच्या कडेला आपण खेळायचो तेव्हा ज्याला खेळता येत नाही तो ‘गोली’ व्हायचा. नाहीतर कुणाचा तरी धाकटा भाऊ. त्या जमिनीवर अंग टाकलं की कोपर सोलवटायचं आणि वर खारी माती लागायची. जखमेवर मीठ चोळणं हा वाक्प्रचार आम्ही मराठीच्या तासाआधीच शिकलो होतो. अशा जागी स्वतःहून कोण उभं राहील?

पण पणजीजवळच्या ताळगावचा एक मुलगा उभा राहिला. ब्रह्मानंदांचा जन्म १९५४ चा. वास्कोच्या साळगावकर क्लबकडून ते दीड दशकाहून जास्त काळ खेळले. १९८२-८३ ची संतोष ट्रॉफी गोवा आणि बंगाल यांना विभागून मिळाली, आणि तीही बंगालच्या घरच्या मैदानावर, कलकत्त्याला. पुढच्याच वर्षी मद्रासला गोव्यानं अंतिम सामन्यात पंजाबला १-० असं हरवून ती एकट्यानं जिंकली. त्या अख्ख्या स्पर्धेत गोव्यानं स्वतःवर एकही गोल होऊ दिला नाही. १९८३ ते १९८६ या काळात ब्रह्मानंद भारताचे कर्णधार होते. १९९७ साली अर्जुन पुरस्कार आणि २०२२ साली पद्मश्री.

आता तुम्ही विचाराल, न झालेल्या गोलचं कौतुक ते काय? तेच सांगायचं आहे.

गोलच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत अंतर २४ फूट. उंची ८ फूट. आपल्या वर्गातल्या फळ्याची भिंत डोळ्यांसमोर आणा, साधारण तेवढी जागा एका माणसानं राखायची. पेनल्टीची खूण अकरा मीटरवर. ताशी नव्वद किलोमीटर वेगानं मारलेला चेंडू तिथून अर्ध्या सेकंदाच्या आत येऊन पोहोचतो. नुसती उडी मारून ही भिंत झाकता येत नाही. चेंडू निघण्याआधीच काम करावं लागतं. चेंडू कुठे आहे ते बघून दोन पावलं पुढे यायचं, म्हणजे मारणाऱ्याला गोल लहान दिसू लागतो. फार पुढे आलात तर डोक्यावरून जाईल. बचावातल्या गड्यांना ओरडून जागेवर आणायचं. ज्या दिवशी हे सगळं नीट जमतं, त्या दिवशी गोलरक्षक काहीच करत नाही असं प्रेक्षकांना वाटतं. पेपरात फोटो येतो तो हवेत झेप घेतलेल्याचा. योग्य जागी उभा राहिला म्हणून ज्याला झेप घ्यावीच लागली नाही, त्याचा फोटो कोण छापणार?

हे ज्ञान पुस्तकातून येत नाही. शेजारी उभं राहून ‘अजून अर्धं पाऊल डावीकडे’ असं सांगणारा माणूस लागतो. ब्रह्मानंद खेळत होते त्या काळात आपल्याकडच्या क्लबांत गोलरक्षकांसाठी वेगळा प्रशिक्षक ही दुर्मीळ गोष्ट होती. राष्ट्रीय लीगसुद्धा १९९६ साली सुरू झाली. त्यात १९९२ साली नियम बदलला. आपल्याच खेळाडूनं मुद्दाम पायानं मागे दिलेला चेंडू गोलरक्षकानं हातात घ्यायचा नाही. म्हणजे जन्मभर हातानं खेळलेल्यांना तिशी-चाळिशीत पायानं खेळायला शिकावं लागलं. त्या पिढीनं हे सगळं एकमेकांचं बघून आणि पडूनझडून मिळवलं.

आणि म्हणूनच मला त्यांच्या कारकिर्दीचा दुसरा भाग पहिल्याइतकाच मोठा वाटतो. निवृत्तीनंतर ते गोलरक्षकांचे प्रशिक्षक झाले, भारतीय संघातल्या गोलरक्षकांनाही त्यांनी शिकवलं. पुढे ते गोवा फुटबॉल विकास परिषदेचे अध्यक्ष झाले. गावोगावच्या मुलांना प्रशिक्षण मिळावं हे त्या परिषदेचं काम. ज्यानं स्वतः राष्ट्रीय संघाचं नेतृत्व केलं, त्यानं पुढे लहान मुलांच्या प्रशिक्षणाची काळजी वाहिली. आपल्याला जे आयतं मिळालं नाही ते पुढच्यांना मिळावं, यासाठी असं मागे वळून बघावं लागतं.

आता आपल्या गावाकडे येतो. आपण शिकत होतो तेव्हा भाईंदरला नगरपालिका होती, २००२ साली मीरा-भाईंदर महानगरपालिका झाली. इमारती वाढल्या, माणसं वाढली. फुटबॉलही वाढला, खोटं कशाला बोलू! मीरा रोडला तासावर भाड्यानं टर्फ मिळतं आणि रात्री उशिरापर्यंत पोरं खेळत असतात. पण तिथला गोल लहान, वर जाळी, मैदान चिमुकलं. कॉर्नरवरून उंच आलेला चेंडू गर्दीतून वर जाऊन पकडणं तिथे शिकताच येत नाही. पावसात निसरडा झालेला चेंडू छातीशी कसा घ्यायचा, तेही नाही. आणि ज्याच्या घरी तासाचे पैसे द्यायला नाहीत, त्याचं काय?

माझ्याकडे उत्तनची एक मुलगी येते. नववीत आहे. घरचा मासेमारीचा धंदा. सकाळची बस पकडून सगळ्यांच्या आधी हजर. पहिल्याच दिवशी मी विचारलं, ‘कुठे खेळणार?’ तर म्हणाली, ‘सर, गोलमध्ये.’ बारा वर्षांत स्वतःहून गोल मागणारी ती तिसरी. तिचे हात बघण्यासारखे आहेत. ओली जाळी ओढून पक्के झालेले, चेंडू आला की सुटत नाही. पण पूर्ण मापाच्या गोलमध्ये ती आजवर चारदाच उभी राहिली आहे, तेही स्पर्धेच्या दिवशी. परीक्षेच्या दिवशीच पहिल्यांदा पुस्तक हातात द्यावं, तसं हे झालं.

म्हणून माझी एक विनंती आहे. या मेळाव्याच्या निमित्तानं शाळेसाठी निधी जमतो आहे. प्रवेशद्वाराची कमान व्हावी असं काहींचं म्हणणं आहे. कमान जरूर व्हावी, माझा विरोध नाही. पण तिच्याआधी मैदानावर पूर्ण मापाचे दोन गोलपोस्ट उभे राहावेत, चांगल्या जाळीसकट. गोलसमोर मऊ लाल माती पडावी, म्हणजे पोरं पडायला घाबरणार नाहीत. आणि आठवड्यातून दोन सकाळी हे मैदान गावातल्या सगळ्या मुलामुलींना, शाळा कुठलीही असो, खुलं असावं. शिकवायला मी आहे. गुडघे कुरकुरतात, पण ‘अर्धं पाऊल डावीकडे’ म्हणायला गुडघे लागत नाहीत.

यातून कुणी भारताकडून खेळेल असं आश्वासन मी देणार नाही. पण ‘मी गोलमध्ये उभी राहते’ असं म्हणणाऱ्या पोरीला उभं राहायला गोल तरी असेल. कमानीखालून आपण वर्षातून एकदा जाऊ. गोलपोस्टमध्ये रोज कुणीतरी उभं असेल.

निधीची पेटी दाराशीच ठेवली आहे. जेवायला जाताना तिच्याकडे जरा लक्ष द्या.