बंद घराची सजावट आणि आपल्या हाताचं मोल

नेऱ्याहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय.

पनवेलहून नेऱ्याकडे येताना आता जागोजाग फार्महाऊसची फाटकं दिसतात. समोर माथेरानचा डोंगर, प्रबळगड, जवळ गाढी नदी. शनिवार-रविवारसाठी मुंबईकराला इथे दुसरं घर हवंसं वाटतं, यात नवल नाही. ज्या खाचरात आपण गुडघाभर चिखलात लावणी केली, तिथेच आज आपल्यातल्या काही जणी लादी पुसायला जातात. जमीन गेली. पण त्या घराला लागणारी एक गोष्ट अजून आपल्या हातात आहे, तिच्याबद्दल आज बोलू.

हे घर आठवड्यातले पाच दिवस बंद असतं. पावसाळ्यात तर कधी महिनाभर कुलूप. शहरातून आणलेले जाड गालिचे, मखमली पडदे, फोमच्या गाद्या अशा घरात ओल धरतात, बुरशी येते, कुबट वास सुटतो. म्हणून इथली सजावट म्हणजे धुता येईल, वाळवता येईल आणि हवा खेळू देईल अशी. हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आपली घरं आपण अशीच राखत आलो.

भिंतीपासून सुरू करू. चुन्याची सफेदी भिंतीतली ओल बाहेर पडू देते. ओलसर भिंतीवर प्लॅस्टिकचा रंग दिला की पोपडे निघतात. मात्र जुना रंग खरवडल्याशिवाय चुना धरत नाही, हे मालकिणीला आधीच सांगा. आणि चुना डोळ्यांत गेला तर भाजतो. हातमोजे, चष्मा घालूनच काम करा.

खाली सुती सतरंजी किंवा चटई. पलंगावर गोधडी. मालकिणीच्या आईच्या, आजीच्या जुन्या साड्या मागून घ्या आणि त्यांचीच गोधडी शिवा. तशी गोधडी बाजारात मिळत नाही. घर बंद करताना ती कडक उन्हात वाळवून, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून पेटीत ठेवायची.

बांबूच्या टोपल्या, दिव्यावरची जाळी, सूप भिंतीवर छान दिसतात. पण कच्च्या बांबूला भुंगा लागतो आणि खाली पीठ गळतं. तोडलेला बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून, मग सावलीत सुकवून वापरला की भुंग्याचा त्रास कमी होतो. बुरुडकाम करणाऱ्या बायांना हे ठाऊक असतं. काम त्यांनाच द्या, मोबदलाही त्यांनाच मिळू द्या.

ओट्यावर कोरफड, गवती चहा, अडुळसा, जास्वंद लावा. चार दिवस पाणी चुकलं तरी ही झाडं तग धरतात.

आता वारली चित्रांचं. फार्महाऊसवाले हमखास विचारतात, "वारली काढून द्याल का?" ही कला डहाणू, तलासरी भागातल्या वारली समाजाची. लग्नघरात गेरूच्या किंवा मातीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने बायाच चौक लिहीत आल्या. जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 2014 साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळालं. आपण छापील नक्कल करून विकण्यापेक्षा त्या समाजातला कलाकार बोलवायला सांगावं. आपल्याला दारातली रांगोळी येते, तुळशीवृंदावन सारवता येतं. ते आपलं म्हणून द्यावं.

आता पैशाचं. आमच्या गटातल्या एका ताईला एका बंगल्यावर ऐकावं लागलं, "जुन्या साड्यांचीच तर गोधडी, तिचे एवढे पैसे?" बायांनो, कापड जुनं असतं, टाके नवे असतात.

हिशेब मांडून बघा. समजा एका मोठ्या गोधडीला रोज चार तास याप्रमाणे दहा दिवस लागले. म्हणजे 40 तास, आठ तासांचे पाच दिवस. रोजी 400 रुपये धरली तर मजुरी 2000. दोरा आणि वरचं कापड 300. झाले 2300. त्यावर गटाचा दहा टक्के वाटा 230. किंमत 2530 रुपये. तुमच्याकडची रोजी, तुमचे तास घालून आकडा बदला, पण तास लिहिल्याशिवाय किंमत सांगू नका. आपण अंदाजाने सांगतो, तेव्हा नेहमी कमीच सांगतो.

आणखी तीन गोष्टी पाळा. गोधडी, सफेदी, सारवण ही कामं झाडलोटीच्या पगारात धरू देऊ नका. त्यांचा दर वेगळा. काम सुरू करण्याआधी निम्मी रक्कम घ्या आणि गटाच्या वहीत काम, तारीख, दर लिहून मालकाची सही घ्या. आणि एकीने जो दर सांगितला, त्याच्या खाली दुसरीने जायचं नाही. शेवटची गोष्ट सगळ्यांत अवघड आहे, कारण घरात गरज असते तेव्हा हातातलं काम सोडवत नाही. अशा वेळी गटातून थोडं कर्ज घ्या, पण दर पाडू नका. बचत त्यासाठीच तर आहे.

येत्या बैठकीत वहीचं एक पान यासाठी ठेवा. प्रत्येकीने आपल्याला काय येतं ते सांगायचं, आणि "मला काही येत नाही" असं कुणी म्हटलं तर शेजारणीने तिच्या वतीने सांगायचं. मग दर ठरवा.