चांदवडचा एक रविवार

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



विद्या, व्यवसाय आणि विवाह या विषयांवर आपल्या मंडळात अधिकारी वक्ते दरवर्षी बोलतात. आमच्यापाशी तसा अधिकार नाही. एका रविवारी चांदवडला मित्राच्या घरी जे पाहिले, तेवढेच आज आपल्यापुढे ठेवतो.

मित्राच्या वडिलांचे वर्षश्राद्ध त्या दिवशी होते. आम्ही सकाळीच पोहोचलो. विधीला अवकाश होता, म्हणून तो आम्हांस रेणुकामातेच्या दर्शनास घेऊन गेला. परतताना होळकरांच्या रंगमहालाशी घटकाभर थांबलो. हा वाडा अहिल्याबाईंनी उभारला असे सांगतात. १७६७ पासून १७९५ पर्यंत त्या माउलीने राज्यकारभार पाहिला, दाद मागणाऱ्यांचे न्यायनिवाडे केले. मित्र म्हणाला, "आणि याच गावात १९८६ च्या नोव्हेंबरात शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले. लाखो बाया आल्या होत्या. आमच्या आईनेही त्यांच्यासाठी भाकरी थापल्या."

शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली भरलेल्या त्या अधिवेशनानंतर पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली आणि कित्येक शेतकऱ्यांनी जमिनीचा काही भाग आपणहून पत्नीच्या नावे केला, हे आपणांपैकी अनेकांस ठाऊक असेल. मित्र एवढे सांगून एकाएकी गप्प झाला. त्याचे कारण आम्हांस दुपारी उमगले.

पिंडदान झाले, कावळ्यास घास ठेवला, खीर-वड्यांच्या पंगती उठल्या. पाहुणे पांगल्यावर घरची माणसे ओसरीवर बसली. मित्र, त्याचा धाकटा भाऊ, सासरहून आलेल्या दोघी बहिणी आणि भिंतीला टेकून आई. तेव्हा एका वडीलधाऱ्या नातलगांनी पिशवीतून कागद काढला. दोघी बहिणींच्या हक्कसोडपत्राचा तो मसुदा होता. "लेकी आल्याच आहेत. आज वाचून घ्या, उद्या नोंदणी कचेरीत जाऊन या," असे ते म्हणाले.

थोरल्या बहिणीने कागद वाचलाही नाही. "दादा, कुठे सही करायची ते सांग. आम्हांला दिवाळीला माहेर असले म्हणजे झाले." धाकटी मात्र खाली मान घालून बसली होती. तिच्या घरची ओढाताण सर्वांस ठाऊक होती, परंतु तो विषय कोणी काढला नाही.

मग आई बोलली. "जमीन घेतली तर माहेर तुटते, असे लेकींना सांगता. तुम्हां दोघांना जमीन मिळते आहे, तुमचे माहेर का तुटत नाही?"

ओसरीवर कोणी बोलेना. धाकटा भाऊ उठून अंगणात गेला. मित्राने कागदाची घडी घातली आणि बहिणींस म्हणाला, "क्षेत्र किती, विहीर कोणाच्या वाट्यात, कर्ज किती, हे आधी तुम्हांला सांगतो. आपापल्या घरी जाऊन विचार करा. सही मागायला मी येणार नाही." संध्याकाळी आम्ही निघालो तेव्हा धाकटा भाऊ परतला होता, पण तो मित्राशी बोलला नाही. पुढे सातबारावर चौघा भावंडांची व आईची नावे लागली. दोघां भावांतील अबोला सुटायला मात्र वर्ष गेले.

बंधूंनो, ही दुसऱ्याच्या घरची गोष्ट सांगून आम्हांस मोकळे होता येणार नाही. वडिलांच्या पश्चात आम्हीही आमच्या बहिणीची सही घेतली आहे. साडीचोळी केली, जेवू घातले आणि कागद पुढे ठेवला. तिला क्षेत्र किती, हे आम्ही सांगितले नाही. तिनेही विचारले नाही. तिच्या त्या न विचारण्यालाच आम्ही इतकी वर्षे प्रेम समजत आलो. चांदवडहून परतताना ती समजूत आमच्याजवळ उरली नव्हती.

कायदा आज स्पष्ट आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलगी वडिलांची वारस झाली. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत तिला मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळाला. आणि २००५ साली वडील हयात असणे त्यासाठी आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले. परंतु कायदा दारापर्यंत येतो. ओसरीवर आपणच बसलेलो असतो.

बहिणीने हक्क सोडूच नये, असे आमचे म्हणणे नाही. तो तिचा प्रश्न आहे. आमची विनंती एवढीच, की श्राद्धाच्या किंवा भाऊबीजेच्या दिवशी असा कागद कोणी पुढे करू नये. तिचा वाटा किती, हे तिला आधी लेखी कळवावे. आणि विचाराला तिच्या स्वतःच्या घरी पुरेसे दिवस द्यावेत. मंडळाने एवढा रिवाज जरी पाडला, तरी पुष्कळ घरांतले माहेर खऱ्या अर्थाने शाबूत राहील.

आमच्या बहिणीकडे आम्ही मागल्या महिन्यात सातबारा घेऊन गेलो होतो. तिने तो दोनदा वाचला आणि चहा टाकला. बोलणे अजून व्हायचे आहे.