ज्यू लोकांच्या चालीरीती : मुलांचे प्रश्न आणि एका शिक्षकाची उत्तरे

(मांजरी येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी धर्मशास्त्राचा पंडित नाही, इतिहास शिकवणारा साधा शिक्षक आहे. तरी हा विषय घेण्यास एक कारण घडले. मांजरीहून मुलांना घेऊन आम्ही बसने पुण्यात निघालो होतो. कॅम्पात मोलेदिना रस्त्यावर लाल विटांची, उंच मनोऱ्याची इमारत दिसली. एकाने विचारले, "सर, हे चर्च आहे का?" मी म्हणालो, "नाही, ते ज्यूंचे प्रार्थनामंदिर. लोक त्याला लाल देऊळ म्हणतात." दुसरा पटकन म्हणाला, "म्हणजे आपल्या दुश्मनांचे!" बसमध्ये हशा पिकला. मी मात्र "हात खिडकीबाहेर काढू नका" एवढेच बोललो.

शिक्षकाचे गप्प बसणे म्हणजे मुलांच्या लेखी होकारच असतो, हे मला घरी गेल्यावर उमगले. दुसऱ्या दिवशी मी मुलांना आपापले प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहायला सांगितले. त्यांतील निवडक प्रश्न व उत्तरे आपल्यापुढे ठेवतो.

प्रश्न : लाल देऊळ कोणी बांधले? आत मूर्ती आहे का?

उत्तर : बगदादहून आलेले व्यापारी डेव्हिड ससून यांनी ते बांधविले. १८६३ साली सुरू झालेले बांधकाम १८६७ साली पुरे झाले. ससून १८६४ मध्ये पुण्यातच वारले व त्यांची कबर त्याच आवारात आहे. ज्यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या रुग्णालयात आपण आजही उपचार घेतो, ते हेच ससून. आत मूर्ती किंवा चित्र नसते. जेरुसलेमच्या दिशेला असलेल्या कपाटात तौरातच्या हस्तलिखित गुंडाळ्या ठेवलेल्या असतात. डोके झाकून प्रार्थना करतात. आपला पहिला किब्लाही बैतुल मुकद्दसच होता, हे येथे आठवावे.

प्रश्न : ते मराठी कसे बोलतात?

उत्तर : कारण ते मराठीच आहेत. ससून बगदादी होते, पण आपल्याकडील बहुसंख्य ज्यू म्हणजे कोकणातले बेने इस्राएल. त्यांची परंपरा सांगते की, अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून ही जमात वाढली. दिवेकर, केहिमकर, पेणकर, रोहेकर ही त्यांची आडनावे गावांवरूनच पडली. कोकणात ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. पुण्यात रास्ता पेठेत त्यांचे स्वतःचे प्रार्थनामंदिर आहे; ते १९२१ सालचे.

प्रश्न : त्यांचा शनिवार म्हणजे आपला जुम्मा का?

उत्तर : नाही. जुम्म्याला नमाजेपुरते काम थांबते. नमाज झाल्यावर पुन्हा रोजीरोटीला लागण्याची मोकळीक आहे. त्यांचा शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत पाळतात. त्या वेळात काम करायचे नाही, चूलही पेटवायची नाही.

प्रश्न : ते काय खातात?

उत्तर : डुक्कर आणि रक्त त्यांनाही निषिद्ध आहे. जनावर ठराविक रीतीनेच कापावे लागते. मासा खवले व पर असलेला हवा, म्हणून कोळंबी चालत नाही. मांस व दूध एकत्र करीत नाहीत. त्यामुळे मटणाच्या रश्शाला नारळाचे दूध! धर्माचा नियम आणि कोकणचा माड यांची अशी गाठ पडली.

प्रश्न : त्यांच्यात सुंता व रोजे आहेत का?

उत्तर : मुलाची सुंता आठव्या दिवशी करतात. सर्वांत मोठा उपवास योम किप्पूरचा, सुमारे पंचवीस तासांचा; अन्न नाही आणि पाणीही नाही. बेने इस्राएल त्याला 'दारफाळणीचा सण' म्हणत, कारण त्या दिवशी दारे लावून, पांढरे कपडे घालून ते अल्लाहची क्षमा मागत. आशुऱ्याचा रोजाही मदिनेतील यहुदी हजरत मूसांच्या सुटकेची आठवण म्हणून धरीत असत, असे हदीसमध्ये आले आहे.

प्रश्न : मलिदा म्हणजे काय?

उत्तर : नवस फेडताना किंवा शुभकार्यात गूळ-साखर, ओले खोबरे व पोहे यांचे ताट फळांसह मांडून ते एलियाहू हन्नाबींचे स्मरण करतात. हे तेच नबी, ज्यांना आपण हजरत इल्यास म्हणतो.

आता एक गोष्ट ऐका. बेने इस्राएल आपल्या प्रार्थनामंदिराला 'मशीद' म्हणत, प्रार्थनेला 'नमाज' आणि धर्मकार्य करणाऱ्याला 'काजी'. मुंबईतील त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली बांधले. त्याला 'जुनी मशीद' म्हणत. मस्जिद स्टेशनचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. हे दिवेकर कंपनीच्या फौजेत असताना टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले होते. जमातीतली आख्यायिका अशी की, त्यांनी आपली जात 'बेने इस्राएल' सांगितली, तेव्हा सुलतानाच्या आईने हे नाव कुराणात असल्याचे सांगून त्यांचे प्राण वाचविले. आख्यायिकेची सत्यता कोणी पारखावी. पण एका ज्यू जमातीने ही आठवण पिढ्यान्पिढ्या जपली, हे तर खरे ना?

शेवटची चिठ्ठी बसमध्ये बोललेल्या त्याच मुलाची होती : "मग फिलिस्तीनचे काय?"

मुला, तुझा प्रश्न रास्त आहे. तेथील माणसांचे दुःख आपल्याला सलते आणि सलायलाच हवे. अन्यायाला अन्याय म्हणण्यास मी कधीच मनाई करणार नाही. पण एखाद्या सरकारच्या कृत्याचा जाब रास्ता पेठेत प्रार्थनेला जाणाऱ्या म्हाताऱ्याला विचारायचा का? दूर देशात कोणी काही केले की त्याचा जाब आपल्यालाही विचारला जातो. तेव्हा आपण काय म्हणतो? "त्याचा आमच्याशी काय संबंध?" जो न्याय आपण स्वतःसाठी मागतो, तो दुसऱ्याला नाकारून कसे चालेल?

१९४८ नंतर बेने इस्राएलांपैकी बहुतेक इस्राएलला गेले. आज आपल्याकडे थोडेच उरले आहेत. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या जमातीच्या मुलांसाठी १८७५ साली मुंबईत शाळा काढली. पुढे ती सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. त्या शाळेत कालांतराने मुसलमान मुलेच अधिक शिकू लागली. कलकत्त्याच्या ज्यू मुलींच्या शाळेतही तसेच घडले. एका जमातीने आपल्या मुलांसाठी लावलेल्या झाडाची सावली आपल्या मुलांना मिळाली. शिक्षणसंस्था चालविणाऱ्या आपण सर्वांनी हे ध्यानात ठेवावे.

पालकांना माझी एकच विनंती आहे. मुलाने असा प्रश्न विचारला तर माझ्यासारखे गप्प बसू नका. उत्तर ठाऊक नसेल तर "शोधून सांगतो" म्हणा, आणि खरोखरच शोधा.

खुदा हाफिज.