कायदा, मक्तेदारी आणि थर्मन अर्नोल्ड

(अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मक्तेदारीचा विषय निघाला की आपल्या चर्चेत दोन टोकांची मते हमखास ऐकू येतात. कडक कायदा केला म्हणजे मक्तेदारीला आळा बसतो, असे एक मत. भांडवलशाहीतला असा कायदा म्हणजे निव्वळ देखावा, असे दुसरे. या दोन्ही मतांची एकाच माणसाच्या आयुष्यात कसोटी लागलेली पाहावयाची असेल, तर अमेरिकेतील थर्मन अर्नोल्ड या वकिलाची कारकीर्द अभ्यासण्यासारखी आहे. हा गृहस्थ समाजवादी नव्हता. खुल्या बाजारपेठेवर त्याची श्रद्धा होती. तरीही आर्थिक सत्तेशी शासनाने कसे झुंजावे आणि ती झुंज कोठे अडते, हे त्याच्याइतके स्पष्टपणे फार थोड्यांच्या चरित्रातून दिसते.

अर्नोल्डचा जन्म १८९१ साली वायोमिंग राज्यातील लॅरामी या गावी झाला. हार्वर्डमध्ये त्याने कायद्याचे शिक्षण घेतले, गावी परतून वकिली केली, तेथील महापौरपद भूषविले आणि पुढे येल विद्यापीठात तो कायद्याचा प्राध्यापक झाला. १९३७ साली त्याचा 'द फोकलोअर ऑफ कॅपिटॅलिझम' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८९० च्या शर्मन कायद्याची त्यात त्याने यथेच्छ टिंगल केली होती. मक्तेदारीविरुद्धची मोहीम हा एक विधी आहे, त्या विधीने लोकांच्या नीतिबुद्धीचे समाधान होते आणि मोठ्या कंपन्या मात्र निर्वेध वाढत राहतात, असे त्याचे प्रतिपादन होते. सिनेटर बोरा यांच्यासारख्या मक्तेदारीविरोधी नेत्यांनाही त्याने सोडले नव्हते.

आणि पुढच्याच वर्षी, मार्च १९३८ मध्ये, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी याच माणसाला न्यायखात्याच्या मक्तेदारीविरोधी विभागाचे प्रमुख नेमले! नेमणुकीला मान्यता देणाऱ्या समितीपुढे त्याला प्रश्न विचारावयास स्वतः बोरा हजर होते. या विरोधाभासाची पुष्कळ चर्चा झाली. पण ग्रंथातील टीका कायद्याच्या हेतूवर नव्हती, तो न राबविण्याच्या प्रथेवर होती. ज्याला देखावा म्हणजे काय हे नेमके कळले होते, त्याच्याच हाती देखाव्याचे साहित्य आले. आणि त्याने ते हत्यार म्हणून वापरावयास घेतले.

काळही अनुकूल होता. १९३३ च्या औद्योगिक पुनरुत्थान कायद्याने उद्योगपतींना संगनमताची जणू परवानगीच दिली होती. १९३५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरविला. १९३७ मध्ये मंदी पुन्हा उलटली. एप्रिल १९३८ मध्ये रूझवेल्ट यांनी आर्थिक सत्तेच्या केंद्रीकरणाविषयी काँग्रेसला खास संदेश पाठविला. अर्नोल्डने विभागाचा कर्मचारीवर्ग अनेक पटींनी वाढविला. एखादी कंपनी निवडून तिच्यावर वर्षानुवर्षे खटला चालविण्याऐवजी त्याने सबंध उद्योग एकदम तपासावयास घेतला. घरबांधणी, दूध, चित्रपट, तेल, औषधोपचार, अशा अनेक क्षेत्रांत एकामागून एक खटले उभे राहिले. शर्मन कायद्याखालील पहिल्या ५३ वर्षांतील एकूण कारवायांपैकी जवळजवळ निम्म्या अर्नोल्डच्या पाच वर्षांतल्या आहेत. कायदा तोच होता, त्यातले शब्दही तेच होते. बदलला होता तो कायदा राबविणारा हात आणि त्या हाताला मिळालेला पैसा.

यांतील एक खटला आपल्याला विशेष जवळचा वाटावा. १९३७ साली वॉशिंग्टनमधील सरकारी नोकरांनी सहकारी तत्त्वावर एक आरोग्य-संघटना स्थापन केली. सभासदांनी ठराविक वर्गणी द्यावयाची आणि संघटनेने पगारी डॉक्टरांमार्फत उपचार करावयाचे, अशी योजना. अमेरिकन मेडिकल असोसिएशनला ती मुळीच रुचली नाही. या संघटनेत काम करणाऱ्या डॉक्टरांवर बहिष्कार पडला आणि रुग्णालयांची दारे त्यांना बंद करण्यात आली. अर्नोल्डने थेट डॉक्टरांच्या या बलाढ्य संघटनेवरच फौजदारी खटला भरला. प्रतिष्ठित व्यवसाय हा 'व्यापार' नव्हे, असा बचाव झाला. तो टिकला नाही. १९४३ साली सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम केली. दंड झाला अवघा अडीच हजार डॉलर्सचा; पण सहकारी आरोग्यसेवेला जगण्याचा हक्क मिळाला.

दुसरा निकाल १९४० चा, सोकोनी-व्हॅक्यूम या तेल कंपनीविरुद्धचा. प्रतिस्पर्ध्यांनी संगनमताने किंमत ठरविणे हे स्वतःच बेकायदा आहे, ती किंमत 'वाजवी' होती हा बचावच होऊ शकत नाही, असे न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितले. आपल्या २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या तिसऱ्या कलमात अशा संगनमताचा स्पर्धेवर अनिष्ट परिणाम होतो असे गृहीत धरले आहे, ते याच विचारपरंपरेत बसते.

अर्नोल्डची चूक कोठे झाली, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. बांधकाम-उद्योगाची झडती घेताना त्याने कामगार संघटनांवरही खटले भरले. आपण संघटनेवर नव्हे, तिच्या काही प्रथांवर हल्ला करीत आहो, असे त्याचे म्हणणे होते. परंतु शर्मन कायद्याचा इतिहास तो विसरला. हाच कायदा १९०८ साली टोपी-कामगारांच्या बहिष्काराविरुद्ध वापरला गेला होता आणि कामगारांच्या संरक्षणासाठी १९१४ साली क्लेटन कायद्यात खास तरतूद करावी लागली होती. १९४१ साली सुतार-कामगारांच्या संघटनेविरुद्धचा खटला सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला, ते योग्यच झाले. ज्याच्याजवळ विकावयास श्रमाखेरीज काही नाही त्याची एकजूट आणि तेल-कंपन्यांची एकजूट एकाच तराजूत घालता येत नाही.

मग युद्ध आले. स्टँडर्ड ऑइल आणि जर्मनीची आय. जी. फार्बेन यांनी १९२९ मध्ये करार करून आपापली क्षेत्रे वाटून घेतली होती. तेल एकाने पाहावयाचे, रसायने दुसऱ्याने. जपानने मलायातील रबर ताब्यात घेतल्यावर कृत्रिम रबराच्या बाबतीत या कराराची किंमत अमेरिकेला कळली. मार्च १९४२ मध्ये अर्नोल्डने ट्रूमन समितीपुढे ही सारी हकीकत मांडली. कंपनीने तडजोड केली, युद्धकाळापुरती पेटंटे मोकळी केली आणि पन्नास हजार डॉलर्स दंड भरला. एवढ्या मोठ्या कंपनीला तेवढ्या दंडाचे काय! त्याच महिन्यात, युद्धोत्पादनात अडथळा येईल असे खटले पुढे ढकलण्याच्या योजनेस राष्ट्राध्यक्षांनी मान्यता दिली. शासनाला कंपन्यांची गरज भासू लागली आणि कायदा एक पाऊल मागे सरला. १९४३ साली अर्नोल्डला अपील न्यायालयावर न्यायाधीश नेमण्यात आले. बढती देऊन दूर करण्याची ही रीत आपल्यालाही अपरिचित नाही.

न्यायासनावर त्याचे मन रमले नाही. १९४५ साली राजीनामा देऊन त्याने खाजगी वकिली सुरू केली. एब फोर्टस आणि पॉल पोर्टर हे त्याचे भागीदारही शासनातूनच आलेले. ही कचेरी लवकरच वॉशिंग्टनमधील अग्रगण्य कचेऱ्यांत गणली जाऊ लागली. कोका-कोला, फिलिप मॉरिस अशा कंपन्या तिच्या पक्षकार झाल्या. शासनाचे नियम ज्यांनी घडविले आणि राबविले, त्यांचे ज्ञान आता त्या नियमांतून वाट काढू पाहणाऱ्यांच्या सेवेस रुजू झाले.

न्याय करावयाचा तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सरकारी नोकरांच्या निष्ठा-चौकश्यांचा धुमाकूळ चालू असता याच कचेरीने डोरोथी बेली आणि प्राध्यापक ओवेन लॅटिमोर यांची प्रकरणे फी न घेता लढविली. बेलीला निनावी खबऱ्यांच्या सांगण्यावरून नोकरीतून काढले होते. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयात मते समसमान पडली आणि ती हरली. लॅटिमोरवरचे आरोप १९५५ पर्यंत कोसळले. त्या दिवसांत असे पक्षकार स्वीकारणे म्हणजे स्वतःवर संशय ओढवून घेणे होते. अर्नोल्ड विकला गेला, असे म्हणून आपल्याला मोकळे होता येत नाही. १९६९ साली तो वारला तेव्हा त्याच्या सचोटीबद्दल शंका घेण्याचे कारण नव्हते.

आणि म्हणूनच मित्रहो, प्रश्न अधिक बिकट आहे. माणूस सचोटीचा असूनही जर सार्वजनिक खर्चाने मिळविलेले ज्ञान अखेर बड्या पक्षकारांकडे जाते, तर दोष माणसाचा नसून रचनेचा आहे. आपल्या स्पर्धा आयोगाच्या अध्यक्ष-सदस्यांना पद सोडल्यावर, आयोगापुढे पक्षकार असलेल्या कंपनीत दोन वर्षे नोकरी घेता येत नाही. हे बंधन इष्टच आहे. पण असले ज्ञान दोन वर्षांत शिळे होत नाही. शासनाजवळ कायम टिकणारा, जाणकार आणि सन्मानाने पोसलेला सेवकवर्ग हवा. प्रत्येक तडजोडीच्या अटी लोकांपुढे याव्यात. आणि दंड नफ्याच्या प्रमाणात असावा.

एवढे करूनही स्पर्धेचा कायदा मालकीच्या प्रश्नाला हात घालीत नाही. तो कट मोडतो. कट करण्याची ताकद ज्या मालकीतून येते ती तशीच राहते. वॉशिंग्टनच्या त्या कारकुनांना डॉक्टर मिळाला तो केवळ खटल्यामुळे नव्हे. त्यांनी आधी स्वतःची सहकारी संघटना उभारली होती म्हणून. रक्षण करावयास काहीतरी उभे असेल तरच कायदा त्याचे रक्षण करू शकतो. ते उभे करण्याचे काम कोणताही वकील आपल्यासाठी करणार नाही.