गुलाबाचा डोळा आणि सरकीचे पाकीट

(मेडशी येथील बैठकीत केलेले भाषण)



कापूस-ज्वारीच्या बैठकीत गुलाबाचे काय काढले, असे इथे बसलेल्या पुष्कळांच्या मनात आले असेल. गुलाबी म्हटले की आपल्याला बोंडअळीच आठवते. २०१७ साली तिने काय केले ते ज्याच्या वावरात झाले त्याला सांगायला नको. पण आज आम्ही खऱ्या गुलाबाबद्दल बोलणार आहोत, आणि तोही समुद्राच्या काठावरच्या. शेवटी गाडी आपल्या सरकीवर येणारच आहे. मधेच कोणी उठू नये.

आमचा पुतण्या दापोली तालुक्यात, हर्णै बंदराच्या बाजूला, जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर आहे. आपल्या भागातली किती पोरे अशी कोकणात मास्तर म्हणून गेली आहेत ते तुम्हाला माहीत आहे. शेतात भागले असते तर गेली नसती, पण तो विषय वेगळा. भाड्याचे घर, मागे दोन बाजा मावतील एवढी जागा. कास्तकाराचे पोर, हात स्वस्थ बसेनात. त्याने रोपवाटिकेतून गुलाब आणला. हायब्रीड टी म्हणतात तो. पुढाऱ्याच्या हातात देतात ना, लांब दांडीला एकच टपोरे टोकदार फूल, तोच.

पहिले झाड मेले. त्याने ते समुद्राच्या अंगाला लावले होते. खारा वारा पानावर बसला की पानाची कड करपते, आणि उन्हाळ्यात विहिरीचे पाणीही मचूळ झालेले. वर कोणीतरी सांगितले म्हणून खारवलेल्या मासळीचा चुरा बुडाशी घातला. मासळीचे खत चांगलेच, पण मीठ लावलेली मासळी म्हणजे झाडाला मीठच. आठ-दहा दिवसांत काडी झाली.

दुसरे झाड त्याने मृगावर लावले. आपल्याला सवयच ती, मृग लागला की हातात काही तरी पाहिजे. पण दापोलीचा पाऊस वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या घरात, आपला आठशेच्या आसपास. गुलाबाच्या पानावर काळे ठिपके पाडणारी एक बुरशी असते. पान सहा-सात तास सलग ओले राहिले की ती रुजते. तिकडे पान आठ-आठ दिवस ओले. श्रावणात झाडावर एक पान राहिले नाही, मग शेंड्याकडून काड्या काळ्या पडत खाली आल्या.

तिसऱ्या वेळी तो शहाणा झाला. पाऊस सरल्यावर लावले. समुद्राकडे भिंत आणि घराच्या पूर्वेला झाड, म्हणजे सकाळचे ऊन भरपूर आणि वारा अडलेला. जमिनीत न लावता अर्धा कापलेला ड्रम घेतला, बुडाला भोके पाडली, खाली जांभ्या दगडाचे तुकडे, वर तिकडची लाल माती आणि निम्मे कुजलेले शेणखत. ती लाल माती पाणी धरत नाही आणि अन्नही धरत नाही, पावसाने सगळे धुऊन नेलेले असते. म्हणून खत एकदम न घालता थोडे थोडे, पण वारंवार. पाणी नळाचे गोडे, तेही सकाळी आणि बुडाशी. पानावर खार बसला तर गोड्या पाण्याने धुवायचा, मात्र सकाळीच, म्हणजे दुपारपर्यंत पान कोरडे. पावसाळ्यात ड्रम ढकलत पत्र्याच्या पडवीच्या कडेला, उजेड येईल पण धार पडणार नाही असा. ऑक्टोबरात पाऊस गेला की छाटणी, मेलेले लाकूड सगळे काढून. छाटणीपासून साधारण दीड महिन्यात फूल. दिवाळी झाल्यावर आम्ही गेलो तेव्हा झाडावर चार कळ्या होत्या. आम्ही इतकी वर्षे वावरात घालवली, पण अर्ध्या ड्रमासाठी इतका विचार केलेला पाहिला नव्हता.

हे सगळे ऐकून एक गोष्ट ध्यानात घ्या. जो गुलाब तिकडे जिवावर उदार होऊन जगवावा लागतो, त्याला आपली हवा अधिक मानवते. कोरडी हवा, कडक ऊन, हिवाळ्याची थंडी. काळ्या ठिपक्यांचा त्रास आपल्याकडे पावसाच्या दोन-तीन महिन्यांपुरता. आपली अडचण जमिनीची. काळ्या रानात चुना जास्त, तेव्हा पान पिवळे पडते आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. संत्रावाल्यांनी हे पाहिलेले आहे. पावसात पाणी साचले तर पऱ्हाटी जशी मान टाकते तसाच गुलाब टाकतो. म्हणून दीड-दोन फुटांचा खड्डा, त्यात मुरूम आणि शेणखत, आणि झाडाचे बूड अंगणापेक्षा चार बोटे उंच. वैशाखात पाणी तोडायचे नाही आणि पानाखाली लाल कोळी आली का ते पाहत राहायचे. सांडपाण्यावर पाच झाडे कोणत्याही घरी जगतात. पाच म्हणतो, पाच एकर नाही! मावळात तळेगावच्या बाजूला हरितगृहातला गुलाब होतो, तिथे भांडवल आहे, शीतगृह आहे, पुणे-मुंबई हाकेवर आहे. आपल्याकडे तोडलेले फूल दुसऱ्या दिवशी कोण घेणार ते ठरल्याशिवाय कोणी कर्ज काढू नये.

आता मुद्द्याचे. त्याच्या शेजारच्या घरी असेच एक झाड होते. दोन वर्षे लाल फुले दिली आणि तिसऱ्या वर्षी जोमाने वाढले, पण फूल वेगळे, बारीक. घरच्यांना वाटले, गुलाब फिरला. फिरला वगैरे काही नव्हता. हायब्रीड गुलाब स्वतःच्या मुळावर नीट जोर धरत नाही. म्हणून रानटी किंवा गावठी गुलाबाच्या बुडावर त्याचा एक डोळा बसवतात. वरचा डोळा मेला आणि खालच्या खुंटाला फुटवे आले, तेच यांनी पाणी घालून वाढवले. डोळ्याच्या खालून फुटलेला फुटवा दिसला की मुळाशी धरून उपटायचा.

म्हणजे झाड म्हणजे तो एक डोळा. आणि इथेच आपला संबंध येतो. हायब्रीड हा शब्द आपल्याला १९६४ साली ज्वारीच्या सीएसएच-१ ने शिकवला, कपाशीत १९७० च्या एच-४ ने. त्या ज्वारीने पोट भरले, आम्ही तिला नावे ठेवणार नाही. पण त्या आधी आपली माय कणसे निवडून आढ्याला बांधत होती, ते थांबले. कारण हायब्रीडचे बी परत पेरले तर पुढची पिढी फुटते, एक झाड बापावर, एक आजावर. मग दर मृगाला दुकानाची पायरी.

गुलाबही हायब्रीडच. चीनकडून युरोपात गेलेले, चहासारख्या वासाचे, वर्षभर फुलणारे गुलाब आणि तिकडचे थंडी सोसणारे गुलाब यांच्या संकरातून तो झाला. फ्रान्समधल्या ल्याँ शहराच्या गियो नावाच्या माळ्याचा १८६७ सालचा 'ला फ्रान्स' हा पहिला हायब्रीड टी मानतात. त्याचेही बी लावले तर पोर बापासारखे निघत नाही. पण बी लावायची गरजच नाही. एक काडी मिळाली की तिच्यावर चार-पाच डोळे, म्हणजे चार-पाच झाडे, हुबेहूब तीच. फ्रान्सच्याच फ्रांसिस मेयाँने वर्षानुवर्षे संकर करून जो पिवळा गुलाब काढला, त्याच्या काड्या महायुद्ध पेटले तेव्हा अमेरिकेत पोचल्या होत्या. २९ एप्रिल १९४५ ला तिथे त्याचे नाव ठेवले 'पीस', म्हणजे शांतता. फ्रान्समध्ये काही होवो, वाण जगला, कारण तो एका काडीत मावत होता.

आता विचार करा, वाण काढणाऱ्याचे काय? शेजाऱ्याने एक काडी कापली की त्याचा धंदा गेला. म्हणून त्यांनी कायदा मागितला. अमेरिकेत १९३० साली वनस्पतींच्या पेटंटचा कायदा झाला तो डोळ्याने, कलमाने वाढणाऱ्या झाडांसाठी. बियांवर होणारी पिके त्यात घेतली नव्हती. आणि १९३१ साली त्या कायद्याखाली पहिले पेटंट मिळाले तेही एका गुलाबालाच, 'न्यू डॉन' नावाच्या वेलीला.

कपाशीच्या हायब्रीडवाल्याला असला कायदा नसला तरी चालते. त्याचे कुलूप सरकीतच आहे. २००२ साली बीटी आली, तीही आपल्याकडे पसरली हायब्रीडमधूनच. सुरुवातीच्या वर्षांत पाकिटाला सोळाशे रुपयांवर मोजले, त्यात मोठा भाग तंत्रज्ञानाच्या रॉयल्टीचा होता. पुढे किमतीवर सरकार बसले, २०२४ च्या हंगामाला ८६४ रुपये ठरले. आम्ही म्हणत नाही की वाण काढणाऱ्याला पैसे देऊ नका. मेयाँने दहा वर्षे घातली तर त्याच्या पोरांनी जेवावे. नवे तंत्र आपल्याला हवेच आहे, चांगले असेल तर दोन पैसे जास्त देऊन हवे आहे. आमचे म्हणणे एवढेच की दुकानात दोन्ही पाहिजेत: दरवर्षी घ्यायचे हायब्रीड, आणि एकदा घेऊन घरी राखता येईल असा सरळ वाण. अकोल्याच्या विद्यापीठाने पीकेव्ही रजतसारखे सरळ वाण दिले आहेत. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा, विकण्याचाही हक्क दिला आहे, फक्त कंपनीच्या छापाचे म्हणून विकायचे नाही. पण हायब्रीड राखून काय करता? कागदावर हक्क आणि कणगीत काही नाही, अशी गंमत आहे. दुकानदाराला सरळ वाण आहे का म्हणून आपण किती जणांनी कधी विचारले, हात वर करा बरे!

राहता राहिला डोळा कसा भरायचा. श्रावणात गावठी गुलाबाच्या वीतभर काड्या लावून ठेवा. पौष-माघात त्या पेन्सिलीएवढ्या जाड होतात. जमिनीपासून चार बोटांवर सालीला इंग्रजी टी अक्षरासारखी चीर द्यायची, नुसती साल, लाकूड नाही. नुकतेच फूल येऊन गेलेल्या काडीवरचा फुगीर डोळा ढालीच्या आकारात काढून चिरेत सरकवायचा आणि डोळा उघडा ठेवून प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायचे. तीन-चार आठवड्यांनी डोळा हिरवा असला तर लागला. मग वरचा गावठी शेंडा छाटून टाकायचा.

पुतण्या संक्रांतीला येतो आहे, काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणणार आहे. ज्यांचे खुंट तयार असतील त्यांनी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या घरी यावे. चाकू आपापला आणावा, आणि तो धारेचा असावा. सुपारी कापून बोथट झालेला चालणार नाही.